वेदीपुढच्या गादीतला कापूस

पळस फुलला की लोकांना काय काय सुचतं. मला फक्त तोंड फिरवावंसं वाटतं. राळेगावच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी या दिवसांत मी ती दुसऱ्याला देऊन टाकतो. बाहेर सगळं ओळखीचं असतं. उपटून बांधावर रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या, कुंपणाच्या काट्यांना लटकून राहिलेले कापसाचे मळके पुंजके, उन्हाला नुकती फुटलेली धार, आणि मध्येच तो लालभडक पळस, आमंत्रण नसताना नटूनथटून आलेल्या पाहुण्यासारखा. फेब्रुवारीचा शेवट. आमच्या चर्चच्या वाढदिवसाचे दिवस. हवेत पऱ्हाट्या जळल्याचा एक कडवट वास असतो. तो नाकात गेला की मला आधी एक टेबल आठवतं, चर्चच्या व्हरांड्यात मांडलेलं, वर हिरवं कापड घातलेलं. मग मी डोळे मिटून घेतो. शेजारच्याला वाटतं, साहेबांना डुलकी लागली.

यंदा शताब्दीची तयारी सुरू झाली आहे. शताब्दी अजून दोन वर्षांवर आहे, पण आमच्याकडे सणाआधी कमिटी जन्माला येते. नव्या कमिटीने मोबाईलवर ग्रुप काढला आहे. त्यावर सकाळी गुलाबाच्या फुलांवर छापलेली वचनं येतात आणि दुपारी मंडपवाल्यांचे नंबर. मध्यंतरी सूचना आली की, ज्येष्ठ सभासदांनी स्मरणिकेसाठी आपापल्या आठवणी लिहून द्याव्यात, शक्यतो प्रेरणादायी. ज्येष्ठ म्हणजे मी. पन्नाशी ओलांडली आणि आजवर कुणाशी भांडण नाही, एवढी पात्रता पुरते. भांडण नाही याचं कारण मी बोलत नाही. तेवीस वर्षं एक गोष्ट बोललो नव्हतो. ती आता लिहून देतो. प्रेरणेचं ज्याचं त्यानं पाहावं.

तेव्हा मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. काम सोपं. गाडीवर चढायचं, कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर बाहेर काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून धागा पाहायचा, वाळल्या पानाची पत्ती पाहायची, ओल पाहायची, आणि एक शब्द बोलायचा. सुपर. फेअर. कवडी. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला, बोंडातून नीट न सुटलेला कापूस. तो शब्द ऐकून समोरच्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहत नसे. पाहिलं तर हात हलका पडतो, असं मला आधीच्या ग्रेडरने शिकवलं होतं, आणि शिकलेलं मी कधी विसरत नाही, हा माझा गुण सगळे सांगतात. ती वर्षं वाईट होती. एखाद्या साली पाऊस मध्येच पाठ फिरवायचा, एखाद्या साली ऐन बोंडांवर आलेली पऱ्हाटी लाल्या रोग पडून सुकायची. गाड्यांची रांग केंद्रापासून पार नाक्यापर्यंत. बैल सोडलेले, माणसं गाडीच्या सावलीत बिड्या ओढत बसलेली, कुणी कुणाशी फार बोलत नसलेली. आणि त्या रांगेच्या टोकाला मी, इस्त्रीच्या शर्टात, तिशीतला. वेचणीच्या मजुरणीच्या पोटचा, आणि ते विसरायला उतावीळ झालेला.

आमच्या चर्चमध्ये वेदीपुढे एक लांब गादी असते. प्रभुभोजनाच्या वेळी माणसं भाकर आणि द्राक्षरस घ्यायला रांगेने पुढे येतात आणि तिच्यावर गुडघे टेकतात. बाहेरच्याला त्या गादीत पाहण्यासारखं काही दिसणार नाही. पण आमची पहिली मंडळी सगळी शेतमजुरांची होती. कुणाच्याच नावावर वीतभर जमीन नव्हती. मालकाची वेचणी संपली की झाडावर आणि मातीत जे उरतं ते मजुरांना वेचून नेऊ देतात, त्याला सरवा म्हणतात. त्या सरव्याच्या कापसाची त्यांनी ही गादी केली. पुढे रीत पडली. दरसाल वाढदिवसाच्या आदल्या दिवशी गादी उसवायची, आतली जुनी रुई बाहेर काढायची, आणि प्रत्येक घराने ओटीभर नवा कापूस, सरकी काढून, त्यात घालायचा. मग रहीमचाचा पिंजारी आपली कापूस पिंजायची धनुकली घेऊन व्हरांड्यात बसायचा. तिच्या तातीचा तो घुमणारा आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकला आहे. व्हरांडाभर धुरासारखी रुई तरंगायची, बायकांच्या केसांवर, चाचाच्या दाढीवर, भिंतीवरच्या वचनाच्या अक्षरांवर बसायची. सगळे शिंकायचे आणि एकमेकांना हसायचे. जुनं नवं, याचं त्याचं, सगळं एकात एक. मेलेल्या माणसांनी आणलेला कापूसही त्यातच. कुणाचा कोणता हे देवालाही सांगता आलं नसतं, आणि इतक्या वर्षांत त्यानं कधी विचारलंही नव्हतं. विचारलं ते आम्ही.

त्या साली अमृतमहोत्सव होता. नियोजन समितीचे अध्यक्ष अमोलिक सर. निवृत्त हेडमास्तर. आता ते हयात नाहीत, आणि गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं असं म्हणतात, म्हणून सांगतो, त्यांचं धोतर नेहमी स्वच्छ असे. समितीच्या बैठका पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, ओट्यावर व्हायच्या. मी चिटणीस. बिशपसाहेब येणार म्हणून दोन महिने आधीपासून आमची झोप उडालेली. पहिली बैठक गेली शालीवर. शाल द्यायची, पण सोबत नारळ द्यायचा की नाही. नारळ दिला तर मूर्तिपूजकांसारखं दिसेल, नाही दिला तर रिकामी शाल दिल्यासारखं दिसेल. शेवटी कुंडीतलं झाड ठरलं. दुसरी बैठक गेली खुर्च्यांवर. वेदीजवळ किती खुर्च्या आणि त्यातल्या हाताच्या किती. तिसऱ्या बैठकीत समोसा की पोहे यावरून दोन वडील माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. बाहेर रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जात असत. त्यांच्या चाकांची धूळ ओट्यावर येई, आणि अमोलिक सर कागदावर हात आडवा धरून म्हणत, "जरा दार लोटून घ्या रे कुणी." तेवढाच काय तो आमच्या कामकाजात कापसाचा उल्लेख.

नाही, आणखी एक होता. उपासनेचा छापील क्रम तयार करायचं काम माझं. मी सुवर्णमहोत्सवाची जुनी पत्रिका काढली आणि उतरवून काढली. गीतांचे आकडे बदलले, पाहुण्यांची नावं बदलली. बाकी जसंच्या तसं. त्यात पाळकांनी एक ओळ म्हणायची आणि मंडळीने पुढची म्हणायची, असं उपकारस्तुतीचं वाचन होतं. पाळक म्हणणार, तू आमच्या शेतांवर कृपादृष्टी केलीस. मंडळी म्हणणार, भरघोस पिकाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. हे मी स्वतःच्या हाताने लिहिलं, छापखान्यात दिलं, मुद्रितं तपासली, एका ठिकाणी सुटलेला अनुस्वार घातला. भरघोस या शब्दावर माझी पेन्सिल क्षणभरही अडली नाही. दिवसभर केंद्रावर कवडी, कवडी म्हणून आलेला माणूस मी. समितीतल्या बाकीच्यांनी तो क्रम दोनदा वाचला. त्यांना एवढंच वाटलं की बिशपसाहेबांचं नाव आणखी ठळक हवं होतं.

गादीचा विषय शेवटच्या बैठकीत निघाला. अमोलिक सर म्हणाले, "बिशपसाहेब स्वतः गुडघे टेकतील. खोळ पांढऱ्या साटिनची शिवायची. पण आतला माल?"

पाळकसाहेब म्हणाले, "आत काय, सर, नेहमीचंच. लोक आणतील ते."

"लोक काहीही आणतात. खेड्यातून तर काडीकचरा घेऊन येतात. साटिन पातळ असतं. पिवळेपणा वर दिसेल." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, ग्रेडर आपल्या घरचा आहे की! इतर चर्चांकडे आहे का असा माणूस? साहेब, तुम्ही बसा टेबल टाकून. चांगला असेल तो घ्या, नसेल तो बाजूला."

पाळकसाहेब काहीतरी पुटपुटले. मला वाटतं ते म्हणाले, "असं बरं दिसेल का?" ते भले गृहस्थ होते, म्हणजे विरोध पुटपुटण्यापुरताच करत. सगळे माझ्याकडे पाहत होते. त्या चर्चमध्ये मला आजवर शामू म्हणत आले होते, फार तर सोनाबाईचा शामू. आता अमोलिक सरांनी सगळ्यांसमोर साहेब म्हटलं होतं. मी म्हणालो, "टेबलावर हिरवं कापड टाका. हिरव्यावर डाग लगेच दिसतो."

माझ्या आईने, त्या सोनाबाईने, त्या गादीत आयुष्यभर सरव्याचाच कापूस घातला होता. तेव्हा ती जाऊन दोन वर्षं झाली होती.

शनिवारी सकाळी मी टेबल लावून बसलो. डाव्या हाताला रहीमचाचा, जुन्या रुईच्या ढिगासमोर. समोर रांग. होय, रांग. चर्चच्या व्हरांड्यात कापूस घेऊन माणसं रांगेत उभी होती, आणि मला ते पाहून बरं वाटलं, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गावातली चार घरं पुढे होती. त्यांनी माझा दरारा ओळखून बाजारातून धुतल्यासारखी रुई आणली होती. मी ती चिमटीत ताणून पाहिली, मान हलवली. अमोलिक सर शेजारी खुर्ची टाकून बसले होते, बैलबाजारात बसतात तसे. दोन-तीन पुड्या मी बाजूला काढल्या. ज्यांच्या काढल्या ते हसून पुढे गेले, "ठीक आहे साहेब, ठीक आहे." केंद्रावरचे लोकही असेच हसत.

मग शेवंताआत्या आली. ती माझी सख्खी आत्या नव्हे. आईची जोडीदारीण. दोघी एकाच मालकाच्या शेतात वेचणीला जायच्या, आणि मी धुऱ्यावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपायचो. आईला दूध कमी पडलं तेव्हा मी हिचं प्यायलो, असं आई सांगत असे. आत्या राळेगावकडच्या एका खेड्यात राहायची. सकाळच्या पहिल्या एसटीने आली होती. लुगड्याच्या पदरात गाठ मारून कापूस आणलेला. तिने तो टेबलावर सोडला आणि माझ्याकडे बघून ओळखीचं हसली.

"पाय बरं शामू. सरकी नखानं काढली हाये सारी. एक जरी राह्यली असन त सांग."

मी हात घातला. धागा आखूड, रंग पिवळसर, आत पानाचा चुरा. लाल्या पडलेल्या पऱ्हाटीवरचा शेवटचा कापूस. हाताला सवय असते, तो आपला आपण बोलतो.

"आत्या, हा नाही चालणार."

"काहून?"

"कवडी आहे."

ती हसत होती ते हसू तसंच राहिलं, फक्त त्यातली ती निघून गेली. "ग्रेड लावून राह्यला का रे? इथी?"

"बिशपसाहेब येणार आहेत, आत्या. पांढरा लागतो."

"मंग? बिशपसायेब काय गादी उसवून पायनार हायेत?"

रांगेत हशा पिकला. रहीमचाचाही हसला. त्यांनी हसायला नको होतं. मी माझी बाजू मांडत नाही, काय झालं तेवढं सांगतो. ते हसले आणि माझ्या कानशिलांत रक्त चढलं. अमोलिक सर खुर्चीत चुळबुळले. मला वाटलं आता पुन्हा मी शामू होणार. म्हणून मी आवाज चढवला, केंद्रावर चढवतो तसा. म्हणालो, "सरवा आहे हा. मातीतून वेचलेला. असला माल वेदीजवळ ठेवायचा नसतो."

चाचाने धनुकली खाली ठेवली. आत्या माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. रागाने नाही. एखाद्या घराचा नंबर चुकल्यावर माणूस दाराकडे बघतो तशी.

"तुह्या मायनं मंग काय ठेवलं रे इथी, इतके वर्सं?"

मी म्हणालो, "पुढचे या."

तिने टेबलावरचा कापूस गोळा केला. सावकाश. हिरव्या कापडाला चिकटलेले तंतूही तिने बोटाने टिपून घेतले. पदरात गाठ मारली आणि पायऱ्या उतरली. चाचाने बाजूला काढलेल्या पुड्यांकडे बोट करून विचारलं, "साब, इन का क्या करूं? अच्छी है रूई. जरा पीली है, बस." अमोलिक सर म्हणाले, "ते राहू दे. पुढचं चालू ठेव." मला म्हणाले, "खंबीर राहिलात. अशा वेळी नातं पाहून चालत नाही." आणि मी त्यांना धन्यवाद म्हणालो.

रविवारची उपासना थाटात झाली. स्मरणिकेला हवी ती वाक्यं इथे आहेत, उचलून घ्यावीत. बिशपसाहेब वेळेवर आले. कुंडीतलं झाड त्यांना फार आवडलं, जाताना ते गाडीत ठेवायला विसरले. उपकारस्तुतीचं वाचन झालं. पाळकसाहेब म्हणाले, तू आमच्या शेतांवर कृपादृष्टी केलीस, आणि तीनशे माणसं एका सुरात म्हणाली, भरघोस पिकाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. वाटलं, कुणीतरी अडखळेल. एखादा माणूस मध्येच थांबेल, शेजाऱ्याकडे बघेल. कुणी थांबलं नाही. ज्यांच्या पऱ्हाट्या उभ्या सुकल्या होत्या त्यांनीही खणखणीत म्हटलं. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. मेंढरं, असं मनात म्हणालो होतो. आता कळतं की छापून हातात दिलेलं माणूस वाचतो, एवढंच. मेंढरांना काय म्हणायचं? छापणारा मी होतो.

प्रभुभोजनासाठी बाकांच्या रांगा एकेक करून पुढे सोडायचं काम माझ्याकडे होतं. मागच्या भिंतीशी खेड्यातल्या बायका सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांची पाळी आली. सगळ्या उठल्या. शेवंताआत्या बसून राहिली. मी वाकून म्हणालो, "आत्या, चला."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जाय."

पांढऱ्याशुभ्र साटिनवर लोक गुडघे टेकत होते. ती भिंतीला टेकून त्या गादीकडे पाहत होती, ज्यात तिच्या आयुष्यातला प्रत्येक हंगाम होता, फक्त तो एक नव्हता. त्यानंतर ती उपासनेला येत राहिली, पण प्रभुभोजनाला कधीच उठली नाही. बायका विचारू लागल्या. एकदा पाळकसाहेबांनी मलाच विचारलं, तुमच्या आत्या पुढे का येत नाहीत? मी म्हणालो, "गुडघे गेलेत तिचे." इतकं सहज म्हणालो की मलाच खरं वाटलं. पुढे सगळं गावच म्हणू लागलं, शेवंताबाईचे गुडघे गेले.

पुढे अमोलिक सरांनी मंडळीची यादी शुद्ध करायचं काढलं. आम्ही तिला रोल म्हणतो. सलग काही वर्षं प्रभुभोजन घेतलं नाही त्याचं नाव त्यावरून कमी होतं, असा नियम आहे. लेखणी माझ्याच हातात. तिच्या नावाशी आलो. सर म्हणाले, "कारण काय लिहायचं?" गुडघ्याचा त्रास असं लिहिलं असतं तर नाव राहिलं असतं. आजारी माणसाला पाळक घरी जाऊन प्रभुभोजन देतात. पण पाळक घरी गेले असते तर ती बोलली असती. म्हणून मी लिहिलं, अनियमित. आणि नावावरून रेघ ओढली, पट्टी धरून, सरळ.

रोलवर नाव नसण्याचं ओझं रोजच्या जगण्यात काहीच नसतं. फक्त आमच्या कब्रस्तानात जागा हक्काने मिळते ती रोलवर नाव असलेल्याला. तिचा नवरा योहानबापू तिथे आहे, बाभळीखाली. शेजारी एका कबरीपुरती जागा त्याने हयातीतच आखून ठेवली होती, चार कोपऱ्यांना चार दगड पुरून. माझी आई त्याच ओळीत आहे. दरसाल फुलं ठेवायला गेलो की मला त्या चार दगडांना वळसा घालून जावं लागतं.

गेल्या महिन्यात आत्याला दवाखान्यात नेलं होतं. वाचली, पण तिच्या मुलाने येऊन नव्या पाळकांना जागेचं विचारलं, आणि रोल पाहून त्यांनी कमिटीकडे बोट दाखवलं. शताब्दीचीच बैठक होती. विषय चालू होता ड्रोनने चित्रण करायचं की नाही. मी उठलो. इतक्या वर्षांत मी बैठकीत उठून कधी बोललो नव्हतो, त्यामुळे सगळ्यांना वाटलं मी निघालो. मी सगळं सांगितलं. टेबल, हिरवं कापड, कवडी, पट्टी धरून ओढलेली रेघ. बैठकीत कुणाचाही चेहरा हलला नाही. नवे अध्यक्ष चांगले शिकलेले आहेत, पुण्याला नोकरी करून आलेले. ते मायेने म्हणाले, "काका, तुमच्या भावना समजतात. पण प्रक्रिया असते ना. आजींनी पुनःप्रवेशाचा अर्ज द्यावा, आपण पुढच्या बैठकीत घेऊन टाकू." मग ते म्हणाले, "आणि काका, हे स्मरणिकेत नका लिहू हं." मग ड्रोन.

त्यांनी मला तो छापील अर्ज दिला. मला तो पाठ आहे, कारण चिटणीस असताना तो मीच तयार केला होता. अर्जदाराचे नाव. मंडळीपासून दूर राहण्याचे कारण. पश्चात्ताप झाला आहे काय. अर्जदाराची सही. एका सभासद साक्षीदाराची सही.

मंगळवारी एसटीने गेलो. आत्या अंगणात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. उन्हाने अर्धं अंगण व्यापलं होतं, अर्धं लिंबाच्या सावलीत. शेंग एका फटक्यात उलत होती. मला पाहून म्हणाली, "ये बापा. साहेब लोकायले खाट चालन का? का खुर्ची मांगू?"

मी खाली बसलो. म्हणालो, "आत्या, तो कापूस."

"कोन्ता?" मग स्वतःच म्हणाली, "तो व्हय. मले वाटलं तू इसरला."

"नाही विसरलो."

"मंग बोलला काहून नाही?"

"लाज वाटत होती."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "लाज वाटे तुले, आन् गुडघे दुखत माह्ये? गावभर सांगत फिरला! अरे, मी आताही त्या खदानीच्या चढावर चढून जातो. डॉक्टर म्हने छाती कमजोर हाये, पन आजी, गुडघे कसे लोखंडाचे!" ती हसली आणि तिला खोकला आला. मी पाणी दिलं. ती प्याली. मग रोलचं सांगितलं. अनियमित, पट्टी, सगळं. त्या वेळी ती हसली नाही.

"म्हंजे माह्या मानसाच्या बाजूची जागा तू पुसली," ती म्हणाली.

"हो."

"तुह्या मायनं तुले अक्षर काढाले लावलं ते याच्यासाठी?"

मी अर्ज बाहेर काढला. वाचून दाखवला. पुनःप्रवेशासाठी. ती ऐकत होती, कपाळाला आठी घालून.

"परत याचा अर्ज?"

"हो."

"मी गेली कुठी होती?"

लिंबाच्या सावलीची कड तेवढ्यात खाटेच्या पायाशी आली होती. तिने पाय आत ओढून घेतले आणि पुन्हा शेंगा सोलायला घेतल्या, जणू विषय संपला. माझ्यासाठी तो सुरू झाला. मी अर्ज मांडीवर घेतला. अर्जदाराचे नाव या ओळीपुढे मी माझं नाव लिहिलं. शमुवेल, आईचं नाव सोनाबाई. मंडळीपासून दूर राहण्याचे कारण, तिथे लिहिलं, देवाला आणलेला कापूस तपासला. पश्चात्तापाच्या रकान्यात होय लिहिलं. मग वाटलं, एका शब्दात हे फार स्वस्तात सुटतं. म्हणून खाली लिहिलं, उशिरा.

"काय लिहून राह्यला येवढं?" तिने विचारलं. मी वाचून दाखवलं. तिने शेंगांची टोपली बाजूला सारली, लुगड्याला हात पुसले आणि हात पुढे केला. "आन इकडे. साक्षीदार पायजे ना एक?"

साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही तिने सावकाश केली. प्रत्येक अक्षर वेगळं, ओळीच्या जरा खाली घसरलेलं.

हा अर्ज मी रविवारी कमिटीच्या टेबलावर ठेवणार आहे. कुणीतरी म्हणेलच, काका, साक्षीदाराचं नाव रोलवर नाही, त्यामुळे हा अर्ज चालत नाही. बरोबर आहे, नियम तसाच आहे. तर मग रोल उघडा आणि आधी ते नाव लिहा, तिच्याकडून कसलाही अर्ज न मागता, मधे काही झालंच नव्हतं असं. नसेल लिहायचं तर माझंही नाव रोलवरून काढून टाका, आणि इतिवृत्तात तशी नोंद करा, की या मंडळीत कापूस तपासणारा सभासद चालत होता, आणि तो आणणारी चालली नाही. लिहायला कुणाचा हात धजत नसेल तर वही माझ्याकडे सरकवा. माझं अक्षर चांगलं आहे.